ड्रेवेनित्सा टिकवायची तर तिच्यात माणूस राहायला हवा

स्लोव्हाकियात रुझोम्बेरोक नावाचे शहर आहे, कागद कारखान्यासाठी ओळखले जाणारे. या शहराच्याच हद्दीत, सिदोरोवो डोंगराच्या अंगाला, सातशे मीटरहून अधिक उंचीवर व्ल्कोलिनेत्स ही वाडी आहे. ओंडक्यांची पंचेचाळीसेक घरे, १७७० सालचे लाकडी घंटाघर, १८६० सालची विहीर आणि रस्त्याच्या कडेने वाहणारा पाण्याचा पाट. १९९३ मध्ये युनेस्कोने ही वाडी जागतिक वारसा यादीत घेतली. चेकोस्लोव्हाकियातून फुटून स्लोव्हाकिया वेगळा देश झाला तोही त्याच वर्षी, १ जानेवारीला. नव्या देशाने जगापुढे आपली म्हणून जी पहिली ठिकाणे ठेवली, त्यांत ही वाडी होती. आज तिथे कायम राहणारी माणसे वीससुद्धा नाहीत. पाहुणे मात्र वर्षाला हजारोंनी येतात, खिडकीतून आत डोकावतात, अंगणात शिरून फोटो काढतात. उरलेल्या रहिवाशांपैकी काहींनी अलीकडे उघडच सांगून टाकले की आमचे गाव त्या यादीतून काढा.

बाहेरच्या माणसाला ही मागणी कृतघ्नपणाची वाटेल. युनेस्कोचा शिक्का मिळावा म्हणून जगभरची सरकारे वर्षानुवर्षे फायली फिरवतात, आणि इथे लोक मिळालेला शिक्का नको म्हणतात. मला त्यांचे म्हणणे पटते. या यादीमागे आणि स्लोव्हाकियाच्या स्वतःच्या धोरणामागे घर जपण्याचा जो विचार आहे, त्यात भिंत, छप्पर, खिडकीची चौकट यांची नीट काळजी आहे; आत राहणाऱ्याची जवळपास नाही. दगडी किल्ल्याच्या बाबतीत असा विचार एकवेळ चालून जाईल. लाकडी घराच्या बाबतीत तो घराच्याच मुळावर येतो. तो कसा, हे कळण्यासाठी आधी हे घर कसे बांधलेले असते ते पाहायला हवे.

ड्रेवेनित्सा म्हणजे ओंडक्यांचे घर. दगडी जोत्यावर सगळ्यांत जाड ओंडका आडवा टाकायचा, त्यावर एकावर एक ओंडके रचत न्यायचे आणि कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत अडकवायचे. मधल्या फटींत सुके शेवाळ ठासायचे, वरून मातीचा लेप द्यायचा. उतरत्या छपरावर शिंदेल, म्हणजे चिरलेल्या लाकडाच्या पट्ट्या, एकीच्या पन्हळीत दुसरी बसवत जायचे. दारातून आत शिरले की पित्वोर, ही मधली प्रवेशाची खोली. तिच्या एका अंगाला इझ्बा, म्हणजे राहण्याची खोली, आणि दुसऱ्या किंवा मागच्या अंगाला धान्याची कोमोरा. इझ्बेत एका कोपऱ्यात चूल आणि तिच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात टेबल, त्याच्यावर भिंतीला संतांच्या तसबिरी. छताच्या मधल्या तुळईवर घर बांधल्याचे साल कोरलेले, बहुतेकदा एक चक्राकार फूलही. बाळंतीण याच खोलीच्या कोपऱ्यात, भरतकाम केलेल्या पडद्याआड असायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या पायांना लोखंडी साखळी गुंडाळायची चाल होती, येत्या वर्षात घरचे कोणी दुरावू नये म्हणून. जन्म, जेवण, झोप आणि प्रार्थना सगळे त्या एका खोलीत व्हायचे, आणि त्या खोलीत चूल पेटलेली असायची.

सारे त्या चुलीवर अवलंबून होते. फार जुन्या घरांना धुराडे नसे. धूर माळ्यावर चढायचा आणि छपराच्या फटींतून बाहेर पडायचा. खाली माणसांचे डोळे चुरचुरत, पण वर वासे आणि शिंदेल धुराने काळे, घट्ट होत जात. त्यांना कीड लागत नसे, बुरशी धरत नसे. धुराडे आल्यावरही चुलीची ऊब ओंडके आतून कोरडे ठेवायचीच. वसंतात बर्फ वितळला की घरच्या बायका भिंतींचा लेप तपासत, गळालेले शेवाळ पुन्हा ठासत, चुना लावत. हिवाळ्यात पुरुष भिंतीलगतचा बर्फ ओढून काढत, कारण बर्फ साचून राहिला तर सगळ्यांत खालचा ओंडका आधी कुजतो. छपराची एक पट्टी निसटली तर त्याच आठवड्यात दिसायची, कारण ठिबकणारे पाणी कुणाच्या तरी अंथरुणावर पडायचे. या सगळ्याला कोणी जतन म्हणत नव्हते. घरात राहायचे म्हणजे हे करायचेच.

आता याच घराला ऑक्टोबर ते मे कुलूप लावा. बाहेरून काहीच दिसत नाही. खिडकीच्या चौकटी रंगवलेल्या, कुंपण नीट, फोटो उत्तम. आत ओल धरते, जोत्यापाशी बर्फ पडून राहतो, खालचा ओंडका पाणी पितो. पाचदहा वर्षांनी एक कोपरा खचतो, तेव्हा अनुदानाचा अर्ज जातो आणि वारसा जपणारे खाते जागे होते. एकाच घराच्या एकाच ओंडक्यासाठी सरकारने पुन्हा पुन्हा पैसे मोजायचे, आणि जो माणूस तिथे राहून चूल पेटवून ते काम फुकट करत होता त्याला गाव सोडून जाऊ द्यायचे, हा हिशेब मला कळत नाही.

चिचमनीचे उदाहरण इथे फार बोलके आहे. झिलिनाच्या दक्षिणेला रायचान्का नदीच्या उगमाकडे हे गाव आहे. काळपट लाकडी भिंतींवर पांढऱ्या रेघांची नक्षी: चौकटी, बाण, पाने, नागमोडी पट्टे. स्लोव्हाकियाच्या कुठल्याही पर्यटन पत्रकावर ही नक्षी हमखास असते. तिची सुरुवात उपयोगातून झाली. ऊनपाण्याने ओंडके तडकू नयेत म्हणून बायका खराब होणाऱ्या जागी चुना लावत. पुढे त्याच हातांनी आपल्या कपड्यांवरच्या भरतकामातले आकार भिंतींवर उतरवले. १९२१ मध्ये मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळून गेला. नव्या चेकोस्लोव्हाक सरकारने मदत दिली, वास्तुरचनाकार दुशान युर्कोविच यांचे मार्गदर्शन मिळाले आणि जळालेली घरे जुन्याच धाटणीने पुन्हा उभी राहिली. म्हणजे आज आपण ज्यांना शेकडो वर्षांची म्हणून पाहतो त्यांतली बरीच घरे १९२० च्या दशकातली आहेत. त्यांचे मोल म्हणून कमी होते का? मुळीच नाही. १९७७ मध्ये चिचमनीला लोकवास्तूंचे संरक्षित क्षेत्र म्हणून दर्जा मिळाला, तो योग्यच होता. व्ल्कोलिनेत्सचाही काही भाग १९४४ च्या नाझीविरोधी उठावानंतर जर्मन सैन्याने जाळला होता. या गावांत जुने काय टिकले, तर ओंडका घडवणाऱ्याचा हात, चुना लावणाऱ्या बाईचा हात आणि त्या दोघांना त्याच गावात राहण्याचे असलेले कारण. लाकूड बदलत आले आहे, आणि बदलले तरी चालते.

मग या घरांना चित्रासारखे गोठवून ठेवण्याचा हट्ट आला कुठून? माझ्या मते तो एकोणिसाव्या शतकातून आला. स्लोव्हाक लोक तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते. किल्ले आणि वाडे हंगेरियन सरदारांचे, शहरांतली पेठ बव्हंशी जर्मन, हंगेरियन आणि ज्यू व्यापाऱ्यांची. राष्ट्रीय चळवळीचे नेते ल्युदोवित श्टूर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८४३ मध्ये मध्य स्लोव्हाकियातल्या बोलींवर लेखी भाषा उभी केली. राष्ट्राची भाषा खेड्यातून घेतली, तसे राष्ट्राचे घरही खेड्यातच शोधले गेले. ज्यांच्याकडे स्वतःचे राजे नव्हते त्यांच्यासाठी ड्रेवेनित्सा हाच राजवाडा झाला. पुढे चित्रकार मार्टिन बेन्का आणि छायाचित्रकार कारोल प्लित्स्का यांनी डोंगर, मेंढपाळ आणि लाकडी घर यांना जे भव्य रूप दिले ते देशाच्या मनात कायमचे बसले. या प्रेमाबद्दल मला आदर आहे. ज्याच्या भाषेतल्या माध्यमिक शाळा बंद केल्या गेल्या त्या समाजाने आपल्या घराला कवटाळले, यात गैर काही नाही. पण राष्ट्राचे प्रतीक झालेल्या घरात न्हाणीघर कुठे बसवायचे, हा प्रश्न विचारणेही मग अपमानासारखे वाटू लागते.

शिवाय ते चित्र पुरते खरेही नाही. देशात लोकवास्तूंची संरक्षित क्षेत्रे दहा आहेत. त्यांतले वेल्के लेवारे हे जर्मनभाषी हाबान कारागिरांचे, धर्मामुळे छळ होऊन तिथे आलेल्यांचे. तात्रा पर्वताखालचे झ्दियार गोराल या डोंगरी लोकांचे. ओस्तुर्न्या रुसिन या पूर्व स्लाव्ह समाजाचे, ग्रीक कॅथलिक पंथाचे. श्पान्या दोलिना तांब्याच्या खाणीचे गाव, जिथे जर्मन खाणकामगार येऊन स्थिरावले. ब्रह्लोव्त्से इथे तर लाकूडच नाही, घरे मऊ खडकात कोरलेली आहेत. दक्षिणेच्या सपाटीवर मातीच्या कच्च्या विटांची घरे होती. ती पाडली गेली तेव्हा फारसे कोणी हळहळले नाही, कारण ती चित्रात बसत नव्हती. १९४२ मध्ये या देशातून सुमारे ५८ हजार ज्यू छळछावण्यांकडे पाठवले गेले, त्यांत खेड्यातले दुकानदार, कारागीरही होते. आजही पूर्वेकडच्या अनेक गावांच्या कडेला रोमा समाजाच्या वस्त्या आहेत, पाण्याच्या नळाची वाट पाहणाऱ्या. गाव जपायचे म्हणणाऱ्याने गावात कोण होते आणि कोण आहे, हे आधी पूर्ण सांगायला हवे.

लोकांनी ही घरे सोडली ती मोहापायी, असे शहरातले रसिक अधूनमधून लिहितात. हे मला अन्यायाचे वाटते. व्ल्कोलिनेत्सची ती सुंदर विहीर म्हणजे कोणा बाईसाठी जानेवारीत गोठलेल्या दोरीने ओढलेल्या बादल्या होत्या. एकेका घरात दोनतीन पिढ्या, काही घरांत तर लग्न झालेले सगळे भाऊ आपापल्या कुटुंबांसह राहत. फेब्रुवारी १९४९ मध्ये सामुदायिक शेतीचा कायदा आला. पुढच्या दशकभरात बहुतेक गाझ्दांची, म्हणजे स्वतःची जमीन कसणाऱ्या घरधन्यांची, शेते सहकारी संस्थेत गेली. जो नाही म्हणाला त्याला कुलाक, म्हणजे धनदांडगा शेतकरी, ठरवून दंड, तुरुंग, मुलांना कॉलेजात प्रवेश नाही. शेत गेले, गुरे गेली, घरामागचे धान्याचे कोठार रिकामे झाले. ज्या कामासाठी घराची अशी मांडणी होती ते कामच उरले नाही. मग साठ-सत्तरच्या दशकांत कारखान्याचा पगार आणि शेजाऱ्यांची मदत यांच्या जोरावर लोकांनी शेजारीच विटांची चौकोनी दुमजली घरे बांधली, कोत्स्का म्हणतात ती. आत नळ, न्हाणीघर, मुलांना वेगळी खोली. ही घरे आज कुरूप म्हणून हिणवली जातात. ज्याने ती सुट्टीच्या दिवशी स्वतः सिमेंट कालवून बांधली, त्याच्या दृष्टीने ती सुटका होती.

काही गावांना तर निवडच नव्हती. वाह नदीवरच्या लिप्तोव्स्का मारा धरणासाठी १९६५ ते १९७५ या काळात डझनभर गावे उठली. पूर्वेला स्टारिना धरणासाठी १९८० च्या दशकात सात गावे रिकामी झाली, आणि त्यांतली सगळी काही पाण्याखाली गेली नाहीत. पिण्याच्या पाण्याभोवती माणसांची वस्ती नको म्हणून ती उठवली गेली. लिप्तोवच्या बुडीत गावांतल्या निवडक वास्तू सोडवून प्रिबिलिना इथल्या खुल्या संग्रहालयात पुन्हा रचल्या. पालुद्झा गावचे प्रोटेस्टंटांचे विशाल लाकडी चर्च, १७७४ साली सुतार योझेफ लांग यांनी बांधलेले, तेही असेच उचलून स्वाती क्रीझला नेले. काम थक्क करणारे आहे, ते झाले नसते तर आज काहीच उरले नसते. पण इथे एक सवय जडली. घर उचलून दुसरीकडे ठेवता येते, माणसांना सदनिका दिल्या की झाले, आणि दोन्ही कामे वेगवेगळ्या खात्यांची, हे सरकारी मनात पक्के बसले. संग्रहालयासाठी ही विभागणी ठीक आहे. जिवंत गावासाठीही तीच वापरली जाते, हे माझे दुखणे आहे.

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे कच्चे नाही. ते म्हणतात, नियम नसते तर व्ल्कोलिनेत्सचीही विटांची वस्ती झाली असती. हे खरे आहे. आसपासच्या खोऱ्यांत नेमके तेच झाले. ते आणखी सांगतात की हजारो जुनी घरे वाचवली ती खालुपारांनी, म्हणजे शहरातून येऊन खेड्यातले घर सुट्टीसाठी घेणाऱ्यांनी. हेही खरे. कम्युनिस्ट काळात पाश्चात्त्य देशांचा प्रवास जवळजवळ बंद असताना ब्रातिस्लावा आणि कोशित्सेच्या कुटुंबांनी ओसाड पडलेली घरे विकत घेतली आणि शनिवार-रविवार तिथे हातोडा घेऊन खपले. सुतारकी पार विसरली गेली नाही ती त्यांच्यामुळे. त्यांच्याबद्दल मी कृतज्ञच आहे. तरीही ज्या गावात निम्म्याहून जास्त घरे सुट्टीची होतात तिथली शाळा बंद पडते, मग दुकान, मग सकाळची बस. आणि कायम राहणारे शेवटचे कुटुंब बस बंद झाली म्हणून निघते. व्ल्कोलिनेत्सची वारसा म्हणून नोंद फक्त घरांची नाही, मागच्या उतारावरच्या अरुंद शेतपट्ट्यांचीही आहे. त्यांवरचे गवत कापणारा, दोनचार गुरे पाळणारा कोणी नसेल तर झुडपे आणि जंगल खाली सरकत येते. सुट्टीला आलेला माणूस व्हरांडा रंगवतो. जुलैच्या उन्हात उतारावरचे गवत कापायला तो थांबत नाही.

सध्या गावातली कामाच्या वयाची माणसे आहेत कुठे? स्लोव्हाकिया लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वांत जास्त मोटारी बनवणारा देश आहे. ब्रातिस्लावा, त्रनावा, झिलिना इथे मोठे कारखाने आहेत. २०१८ पासून नित्रा शहरात आपल्या टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचाही आहे. खोऱ्याखोऱ्यांतून तरुण पाळीला जातात आणि पुढे तिथेच राहतात. आणि गावच्या पन्नाशीतल्या बायका ऑस्ट्रियात आहेत. दोन आठवडे किंवा महिनाभर तिकडच्या वृद्धांना सांभाळायचे आणि छोट्या बसने रात्रीचा प्रवास करून घरी यायचे, असे हजारो जणी वर्षानुवर्षे करतात. परक्या म्हाताऱ्यांची उशाशी बसून सेवा करणाऱ्या या बायकांची स्वतःची आई गावात एकटी चूल पेटवत असते. गाव जपायचे तर या बाईचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, कारण परत येऊन तिथे राहू शकेल अशी तीच आहे. तिच्या घरातल्या वृद्धेच्या शुश्रूषेला गावातच चांगले वेतन मिळाले तर ते घर बाराही महिने उघडे राहील. समाजकल्याणाचा हा खर्च माझ्या लेखी वारसा जतनाचाही खर्च आहे.

दुसरी अडचण कागदावरची आहे आणि ती मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. हंगेरीच्या जुन्या वारसा कायद्याने प्रत्येक मुलाला सारखा वाटा मिळत गेला आणि जमिनीच्या एकेका तुकड्याला डझनभर सहमालक झाले. काही पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेच्या खाणींत गेलेल्यांचे वारस, ज्यांचा पत्ताही कोणाला नाही. सातबाऱ्यावर पणजोबांची नावे घेऊन कचेऱ्या झिजवणाऱ्याला हे दुखणे ठाऊक आहे. परत येऊ पाहणारी नात घराला हात लावू शकत नाही, कारण तिचा वाटा सोळावा. जो सहमालक प्रत्यक्ष तिथे राहणार आहे त्याला बाकीच्यांचे वाटे ठरावीक दराने घेण्याचा पहिला हक्क द्यावा, आणि बेपत्ता वारसांचे पैसे सरकारकडे जमा करून घ्यावेत. हे काम कायदा करणाऱ्यांचे आहे, वारसा जपणाऱ्या खात्याचे नाही. म्हणूनच ते राहून जाते.

सांस्कृतिक मंत्रालयाची ‘आपले घर पुन्हा उभारू’ अशा अर्थाच्या नावाची अनुदान योजना गेली अनेक वर्षे चालू आहे आणि तिने खूप छपरे वाचवली आहेत. ती बंद करा असे मी म्हणणार नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र बदलावी: संरक्षित गावांतल्या अर्जांमध्ये बाराही महिने राहणाऱ्याला आधी पैसे द्यावेत, आणि ते देताना आतल्या कामालाही द्यावेत. शिंदेल, ओंडके, खिडक्यांचा आकार बाहेरून जसाच्या तसा राहू द्या. आत न्हाणीघर, गरम पाणी, जमिनीखाली ऊबेची सोय, चांगली वीज हवी. इझ्बेतली कोरलेली तुळई राखून तिच्याखाली आजचे स्वयंपाकघर उभे करता येते. व्ल्कोलिनेत्समध्ये पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. त्यातला ठरलेला हिस्सा तिथे राहणाऱ्या कुटुंबांना मिळावा, आणि संध्याकाळी ठरल्या वेळेनंतर गाव फक्त त्यांचे असावे.

एवढे करूनही तिथे राहायला येणार कोण, असे विचारले जाते. येतात, हे दिसले आहे. झ्वोलेनजवळच्या झायेझोवाच्या विखुरलेल्या डोंगरवाड्या विसाव्या शतकाच्या अखेरीस ओस पडत चालल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शहरातले तरुण तिथे येऊन राहू लागले, जुनी घरे दुरुस्त केली, माती आणि पेंढ्याची नवी बांधली, मुले झाली, शाळा सुरू झाली. तिथे युनेस्कोचा शिक्का नव्हता आणि घरांवर जपण्याजोगी नक्षीही नव्हती. तिथे भिंतीला हात लावायची मुभा होती. देशातल्या दर पाच गावांपैकी दोघांची लोकसंख्या पाचशेच्या आत आहे. त्यांना संग्रहालय व्हायचे नाही, आणि सगळ्यांना होताही येणार नाही. तिथल्या ग्रामसभेपुढे आज असलेला प्रश्न अगदी छोटा आहे: सकाळी सहाची बस पुढच्या वर्षी चालू ठेवायची की नाही. वारशासाठी ठेवलेल्या पैशातून त्या बसचा तोटा भरून द्यायला माझी हरकत नाही.